फॉरमॅटवाले काका

बोईसरच्या कुठल्याही सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक दूधवाला असतो आणि एक फॉरमॅटवाले काका असतात. पहिले दोघे अधूनमधून बदलतात, काका कायमचे. वय पन्नाशीकडे झुकलेलं, शर्टाच्या खिशात टेस्टर, नोकरी तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल नाहीतर औषधाच्या कंपनीत, इन्स्ट्रुमेंट खात्यात. चित्रालयापासून पास्थळपर्यंत कुणाचाही पीसी हँग झाला की काकांना बोलावणं जातं. काका येतात, कॅबिनेटवर तळहात ठेवून ताप बघतात आणि चहा उकळायच्या आत निदान सांगून मोकळे होतात: ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल.’ चहा संपेपर्यंत त्यात व्होल्टेजची भर पडते. हाकेच्या अंतरावर, तारापूरच्या अणुवीज केंद्रात, १९६९ पासून वीज तयार होते आहे, आणि तिथेच ‘व्होल्टेज कमी-जास्त होतंय हो’ हे कारण सर्वांत लोकप्रिय आहे. केंद्राची वीज आधी ग्रिडमध्ये जाते, घरच्या सॉकेटमध्ये थेट उतरत नाही, हे काकांना पाठ आहे. ते फक्त नोकरीच्या वेळेत आठवतं.

काकांचं कोडं नेमकं इथेच आहे. त्यांना अडाणी म्हणून सोडून देता येत नाही. कंपनीत साधा प्रेशर ट्रान्समीटर काढायचा असला तरी काका आधी परमिट भरतात, शिफ्ट इनचार्जची सही घेतात, रीडिंग लिहून ठेवतात आणि एका वेळी एकाच गोष्टीला हात लावतात. तेच काका सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्याचा पीसी उघडतात तेव्हा तासाभरात रॅम रबराने घासतात, ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवतात, बोर्डावरचा सेल बदलतात, पंख्यावर फुंकर मारतात आणि शेवटी विंडोज नवी टाकतात. त्यानंतर पीसी चार दिवस नीट चालला तर श्रेय कुणाला? फॉरमॅटला, कारण सगळ्यांत जास्त वेळ त्याला लागला. हँग खरं तर कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवल्यामुळे थांबला असेल, पण त्याची नोंद कुठेच नाही. माझं म्हणणं एवढंच, की काकांकडे ज्ञान भरपूर आहे. फक्त त्यांची शिस्त कंपनीच्या गेटवर हजेरीकार्डाबरोबर जमा होते.

हा दोष सर्वांत जास्त नडतो तो मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांचं पटत नाही तेव्हा. दोघंही आपापल्या घरी गुणी असतात. एकत्र नांदायला लागले की मात्र खटके उडतात. कार्ड शेजाऱ्याच्या पीसीत लावावं तर सुरळीत चालतं, बोर्डात दुसरं कार्ड लावावं तर तेही चालतं. काकांना मात्र एक आरोपी हवा असतो, म्हणून निकाल कधी ‘बोर्ड गेला’ असा लागतो, कधी ‘कार्ड गेलं’ असा. कारणं साधी, पण लपलेली असतात. बोर्डाचं बायोस कार्डाहून जुनं असतं. स्लॉट आणि कार्ड ज्या वेगावर राजी होतात तो त्या जोडणीला झेपत नाही. वीज वाचवण्यासाठी झोपवलेली लिंक वेळेवर जागी होत नाही. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष नव्याच्या पायात येतात. शिवाय स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो; त्यापुढची भूक एसएमपीएसने, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायने, वेगळ्या केबलमधून भागवायची असते, आणि स्वस्तातला एसएमपीएस नेमका गेम रंगात आल्यावर हात वर करतो.

काका पुरावा बघत नाहीत असंही नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की त्यांचा चेहरा उजळतो: ‘बघा, पॉवर लिहिलंय!’ प्रत्यक्षात ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. हँग झालेल्या पीसीचं बटण स्वतः काकांनी दाबून धरलं तरी तीच नोंद उमटते. ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला’ ही नोंद त्याहून बोलकी. ग्राफिक्स कार्ड साधारण दोन सेकंद गप्प राहिलं की विंडोज त्याला हलवून जागं करते, त्याची ती खूण. पण तिच्यात ‘पॉवर’ हा शब्द नसल्यामुळे काका पुढे सरकतात.

आता काकांचे वकील उभे राहतील. त्यांचा पहिला मुद्दा: स्लॉट आणि कार्ड यांच्या जोडणीसाठी पीसीआय एक्सप्रेस हे प्रमाण २००३ पासून आहे, नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालायलाच हवं, तेव्हा हे न पटणं वगैरे कल्पनेचे खेळ आहेत. चालायला हवं हे खरं, पण प्रमाण म्हणजे कागदावरचा करार. तो पाळला जातो की नाही हे प्रत्येक वेळी पीसी सुरू होताना दोघं वेग ठरवतात तेव्हा कळतं. बायोसमध्ये जाऊन स्लॉटचा वेग एक पिढी खाली आणला आणि हँग थांबला, तर संशय त्या जोडणीवर जातो. त्यासाठी दमडीही लागत नाही. दुसरा मुद्दा: काकांच्या रबराने पीसी चालू होतात, हे सगळ्या सोसायटीने पाहिलं आहे. पाहिलं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. एका बाजूला चिंचणी-नवापूरची खारी हवा, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचे वाफारे, अशा गावात संपर्कांवर थर बसणारच. पण संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, दर महिन्याला रबर फिरवलं तर तोच झिजतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार: सुटा भाग आणायचा तर लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, मग माणूस फुकटातला उपाय आधी करणार नाही तर काय? अगदी बरोबर. पण फॉरमॅट फुकटचा नाही. त्यात मुलांचे फोटो, दुकानाचा हिशेब आणि निम्मा रविवार जातो.

खरोखर फुकट उपाय वेगळेच आहेत. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर थेट बोर्डाला जोडावा आणि दोन दिवस वापरून बघावं. तरीही हँग झाला तर रॅम, डिस्क आणि उष्णता यांच्याकडे वळावं. नाही झाला तर कार्ड परत लावून आधी ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकावा, मग स्लॉटचा वेग उतरवावा, मग बायोसचं नवं रूप टाकावं, आणि ते टाकताना वीज जाणार नाही याची खात्री करावी. शेवटी ओळखीच्या घरून चांगला एसएमपीएस उसना आणावा. प्रत्येक पायरीनंतर थांबायचं, तारीख आणि निकाल लिहायचा, मगच पुढची पायरी. कुणी म्हणेल, घरचा पीसी म्हणजे काही अणुभट्टी नव्हे, एवढं लिखाण कशाला? नव्हेच, म्हणून तर परमिट नको, सही नको. शाळेच्या जुन्या वहीतली चार कोरी पानं पुरतात.

तेव्हा काकांना बोलावणं बंद करू नका. इतक्या आपुलकीने येणारा, चहावर भागणारा माणूस बाजारात मिळत नाही. चहाबरोबर त्यांच्यापुढे एक वही आणि पेन मात्र ठेवा. फॉरमॅटलाही हरकत नाही, फक्त त्याचा नंबर शेवटचा; आणि तो येण्याआधी फोटो आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.