किलोला साडेतीन लाख

आमच्या थोरल्या साडूंनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, स्वारोव्स्कीची दुर्बीण घेतली तेव्हा घरात भांडण झालं नाही, कारण मेव्हणीबाईंनी, म्हणजे ताईंनी, फक्त कंपनीचं नाव वाचलं होतं. स्वारोव्स्की म्हणजे लखलखणारे खडे, हार, कानातले, एवढं त्यांना ठाऊक. याच घराण्याची टिरोलमधल्या आब्साम गावी १९४९ पासून दुर्बिणींचीही कंपनी आहे, हे खोकं उघडल्यावर कळलं. आतून ८४० ग्रॅमचं हिरवं धूड निघालं. किंमत तीन लाखांच्या घरात. "हे गळ्यात घालायचं?" ताईंनी विचारलं. "मी घालणार," भाऊसाहेब म्हणाले. त्यानंतरच्या शांततेची भरपाई म्हणून तंजावर ठरलं. ताईंना सोन्याचा वर्ख लावलेली तंजावरी चित्रं, आम्हाला पक्षी.

आम्ही म्हणजे तिघे. भाऊसाहेबांची एनएल प्युअर, आठ बाय बेचाळीस. त्यांच्या जावयाची झाइसची व्हिक्टरी एसएफ, दहा बाय बेचाळीस; सासऱ्यांपेक्षा दोन पट जास्त दिसावं या एकाच हेतूने घेतलेली, किंमत जवळजवळ तेवढीच. आणि माझी निकॉनची मोनार्क एम-सेव्हन, आठ बाय बेचाळीस, पन्नास हजारांच्या आतबाहेर. तिच्याकडे दोघेही, लग्नात आहेराचं पाकीट चाचपून बघावं तसं, एकदाच बघून घेत.

त्रिचीहून तंजावरपर्यंतच्या तासा-दीड तासात जावईबापूंनी शास्त्र सांगितलं. पहिला आकडा म्हणजे किती पट, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठाने भागलं की ५.२५ मिमी जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. दहाने भागलं की ४.२. भरदुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे उरलेला उजेड बुबुळावर सांडून वाया जातो. रात्री तरुणांची बाहुली सातपर्यंत उघडते. साठीनंतर पाचाच्या आसपासच अडते. "म्हणजे बाबा, तुमचा थोडा उजेड रात्रीसुद्धा वायाच जाणार," असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. ज्याची बाहुली मोठी उघडते त्याने स्वतः लहान झोताची दुर्बीण घेतली होती, हे मी मनातच ठेवलं. जावयाच्या गाडीत बसलो होतो.

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने १०१० साली पुरं केलं. विमान सहासष्ट मीटर उंच. त्यावर पारवे, पोपट, पाकोळ्या आणि एक टोपीवाला साहेब. हा साहेब उत्तरेच्या बाजूला दगडात कोरलेला आहे. गाइड सांगतात की युरोपियन येणार हे राजराजाला आधीच कळलं होतं. इतिहासवाले म्हणतात, नंतरच्या डागडुजीत कुणीतरी बसवला असावा. दुर्बिणी तपासायला याहून चांगला नमुना नाही, कारण तो उडून जात नाही.

साहेब शोधण्याची शर्यत भाऊसाहेबांनी जिंकली. त्यांच्या दुर्बिणीत हजार मीटरवर १५९ मीटर रुंदीचा पट्टा मावतो, माझ्यात १४५, जावईबापूंच्या दहापटीत १२०. एवढ्या मूर्तींच्या गर्दीत पट्टा अरुंद असला की माणूस हरवतो. जावईबापू बराच वेळ एका गणाच्या पोटावर होते. मी तेवढ्यात हिशेब केला : चौदा मीटर जास्त, त्यासाठी अडीच लाख जास्त. मीटरला अठरा हजार. पण खरं सांगायचं तर पैसे त्या रुंदीचे नाहीत. माझ्या दुर्बिणीत मधला पोपट रेखीव आणि कडेचा पोपट विरघळल्यासारखा. त्यांच्यात कडेच्या पोपटाचीही चोच कापून काढल्यासारखी. ही लबाडी नाही, मी दोनदा बघितलं.

पुढची चाचणी पायांनी घेतली. चपला बाहेर, ऊन अकराचं, आणि चालायला अंथरलेल्या चटया नेमक्या साहेबाच्या समोर संपतात. दहापट दुर्बीण हाताचा कंपही दहापट करते. तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या जावईबापूंना साहेब भरतनाट्यम करताना दिसला असणार. भाऊसाहेब मात्र स्थिर, कारण त्यांनी कपाळाला टेकवायचा आधार वेगळे पैसे मोजून घेतला आहे. आधी गाभाऱ्यात कपाळभर विभूती लावून घेतली होती. ती सगळी आधारावर आली. शैवपंथी झालेली ऑस्ट्रियन दुर्बीण मी प्रथमच पाहिली. गाइडने ती बघायला मागितली आणि परत करायला इतका वेळ लावला की भाऊसाहेबांनी पट्टा गळ्यातून काढला नाही म्हणून बरं झालं.

प्राकाराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे. मराठी माणूस तिथे भक्तिभावाने जातो. आम्ही जवळचं किती दिसतं ते तपासायला गेलो. झाइस दीड मीटरवरचं दाखवते, स्वारोव्स्की दोन, निकॉन अडीच. त्यामुळे तिघे एकामागे एक अर्ध्या-अर्ध्या मीटरवर उभे राहून, डोळ्याला दुर्बिणी लावून भिंत वाचू लागलो. रखवालदार आला. ताई म्हणाल्या, "अहो, दोन पावलं पुढे जाऊन वाचा ना." यावर तिघांकडेही उत्तर नव्हतं.

हा इतिहास कोरवून घेणारे सरफोजीराजे आम्हाला समजले असते. १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, चित्रकारांकडून पक्षी-प्राणी काढून घेतले. त्यातली काही चित्रं रेसिडेंट टोरिनसाठी होती, ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बिशप हेबर १८२६ साली भेटला तेव्हा राजे लिनियस आणि बुफाँचे दाखले देत होते. आणि हे सगळं प्रिझमच्या दुर्बिणीशिवाय. झाइसने ती बाजारात आणली १८९४ ला. राजांना मिळाली असती तर आम्हा तिघांच्या आधी त्यांनीच तुलना करून ग्रंथ लिहवून घेतला असता.

वजनाचा वाद बाजारात मिटला. जावईबापूंचं म्हणणं, झाइसचा भार डोळ्याच्या बाजूला ठेवलेला असल्याने ती हातात हलकी लागते. हे खरंच आहे, पण गळ्याला ते कळत नाही. शेवटी वांगी विकणाऱ्या एका बाईंच्या काट्यावर भाऊसाहेबांची दुर्बीण ठेवली. पट्टा, झाकणं, आधार धरून किलोला टेकली. माहितीपत्रकात मोजलेलं वजन नुसत्या दुर्बिणीचं, हे तोवर कुणी वाचलं नव्हतं. बाईंनी "एव्वळवु?" म्हणून भाव विचारला. ड्रायव्हरने तमिळमध्ये सांगितला, आणि नुसत्या दुर्बिणीच्या वजनाने हिशेबही करून दिला : किलोला साडेतीन लाख. बाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून परत दिली आणि काटा पुसून घेतला.

वडुवूर तंजावरहून पंचवीसेक किलोमीटर, मन्नारगुडीच्या रस्त्यावर. मेट्टूर धरणाच्या पाण्यावर भरणारा पाटबंधाऱ्याचा तलाव. २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. पहाटे गाडीचा एसी थंडगार ठेवून गेलो, बांधावर उतरलो आणि तिन्ही दुर्बिणी एकदम आंधळ्या झाल्या. आत नायट्रोजन भरलेला असतो, आतून धुकं धरत नाही. बाहेरून धरायला मात्र कावेरीकाठची दमट हवा समर्थ आहे. तीन लाख आणि पन्नास हजार यांत इतकी समता मी दुसरीकडे पाहिली नाही. काच निवळेपर्यंत समोरून काहीतरी मोठं, पांढरं उडून गेलं. भाऊसाहेबांच्या मते पेलिकन, जावईबापूंच्या मते चमचा. वाद अजून चालू आहे.

मग दिवसभर चित्रबलाक, मोर शराटी, तिरंदाज, तलवार बदकं. वारकरी इथेही घोळक्यानेच. उन्हात तिन्ही दुर्बिणींत डावं-उजवं करायला बगळा लागला : माझ्यात त्याच्या पांढऱ्या पाठीला बारीकशी जांभळी किनार, बाकी दोघांत जवळजवळ नाही. बाकी पक्षी ओळखण्यात काडीचा फरक पडला नाही. तो पडला संध्याकाळी. पाण्यातल्या बाभळींवर पक्षी उतरत होते. मला काळे गोळे दिसत होते. भाऊसाहेबांच्या दुर्बिणीतून बघितलं तर एका गोळ्याला चमच्यासारखी चोच होती. माझा झोतही ५.२५ चाच, पण काच वेगळी, तिच्यावरचे लेप वेगळे. हा चमत्कार वीसेक मिनिटं टिकला. मग त्यांनाही गोळेच दिसू लागले.

तेव्हा माझा निकाल असा. पन्नास हजारांपर्यंत प्रत्येक रुपया डोळ्याला दिसतो. पुढचे अडीच लाख कडेच्या पोपटाचे आणि त्या वीस मिनिटांचे. परवडत असतील तर खुशाल द्या, फसवणूक नाही. पण आठ पटच घ्या, दहा नको. साठी ओलांडली असेल तर बेचाळीसचा हट्ट सोडून आठ बाय बत्तीस बघा : याच एसएफची सहाशे ग्रॅमला मिळते, एनएलची ६४० ला. दुकानात ती पट्ट्यासकट गळ्यात अडकवून अर्धा तास फिरा, दुकानदार काय म्हणेल याची पर्वा करू नका. आणि वडुवूरला पहाटे जाणार असाल तर गाडीचा एसी बंद ठेवून काचा उघडा.