बोनो नेरुळला, आम्ही डब्लिनला

डब्लिन, रविवार, २६ जानेवारी २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

आम्ही सुखरूप आहोत. आई, परवा फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहितोय. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत जमेल तेवढं.

शुक्रवारी अख्ख्या देशाला वादळाचा रेड अलर्ट होता, शाळा बंद. टीव्हीवर तुम्ही पाहिलीत ती मोडतोड बहुतेक पश्चिमेकडची. साडेसात लाखांवर घरांची वीज गेली, आमची नाही. आमची गेली ती मागच्या अंगणातली बाटल्यांची पिशवी.

बाबांना त्या बाटल्या आठवत असतीलच! गेल्या फेब्रुवारीपासून इथे नियम आहे: अर्ध्या लिटरपर्यंतच्या बाटलीवर किंवा कॅनवर १५ सेंट अनामत, त्याहून मोठीवर २५. म्हणजे एका मोठ्या रिकाम्या बाटलीचे साडेबावीस रुपये! ती दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घालायची, मग ते पावती देतं. अट अशी, बाटली चेपलेली नको. आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं, वापरून झाल्यावर चुरगाळा. बाबांनी उन्हाळ्यात ते नागरिकशास्त्र इथे पाळलं. दोन पिशव्या बाटल्या बूट घालून, एकेक करून, शिस्तीत चपट्या केल्या. ईरा रडायचीच बाकी होती. तिच्या खाऊचे पैसे होते ते.

तर परवा वारा पडल्यावर मी नाइट पँटवर गल्लीभर बाटल्या गोळा करत हिंडत होतो. सव्वीस मिळाल्या. बाकीच्या समुद्रापर्यंत गेल्या असाव्यात. शेजारच्या आजींनी त्यांच्या कुंपणात अडकलेल्या चार आणून दिल्या. चारही चेपलेल्या.

आता तुझ्या बातम्या. कोल्डप्लेच्या तीन रात्री घरात बसून फुकट ऐकल्यास आणि वर म्हणतेस डोकं उठलं! मन्याने साडेबारा हजार मोजले आणि तुझ्याएवढंच ऐकलं असेल. ख्रिस मार्टिन मराठीत बोलला म्हणून शकूमावशीला तो एकदम घरचा वाटायला लागला, हे वाचून मेधा हसतेय. मावशीला सांग, आमच्या ईराचं मराठी त्याच्याइतकंच आहे, तिचंही जरा कौतुक कर.

पण डी. वाय. पाटील स्टेडियमचं नाव काढलंस आणि माझी जुनी जखम उघडली. रिदम हाऊसमधून ‘आख्टुंग बेबी’ची कॅसेट आणली तेव्हापासून मी यू टू बँडचा. (“कोण ही बेबी?” हे बाबांचं वाक्य दादा अजून लग्नाकार्यात म्हणून दाखवतो.) नोकरी डब्लिनला लागली तेव्हा पगार नंतर विचारला, गाव त्यांचं म्हणून आधी हो म्हटलं. आणि इथे पाहतो तर पिकतं तिथे विकत नाही. शेजारच्या आजी म्हणतात, बोनो फार बोलतो. तरी मी २०१५ला गेलो, २०१८ला गेलो. २०१७ला क्रोक पार्कात सहा तास उभा होतो. ‘द जोशुआ ट्री’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवली त्यांनी. ऐंशी हजार लोक गात होते. वॉकमनचा एक इअरफोन दादाच्या कानात आणि एक माझ्या, अशी आम्ही जी गाणी रात्री चादरीखाली ऐकली, ती सगळी. दुसरी बाजू सुरू झाली आणि सवयीने डावीकडे कोपर मारलं. एका अनोळखी आयरिश माणसाने “सॉरी” म्हटलं.

आणि मग १५ डिसेंबर २०१९ला हीच मंडळी कुठे गेली? नेरुळला. आपल्या गॅलरीतून फ्लडलाइट दिसतात तिथे. वर ए. आर. रेहमानही आला. दादा तिकीट काढून गेला आणि दुसऱ्या दिवशी मला फक्त पार्किंगबद्दल सांगितलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभा, तू गॅलरीतून फोन बाहेर धरलेला. ऐकू आलं ते असं: ढम, ढम, आपल्या कुकरची शिट्टी, “येतंय का रे ऐकू?”, पुन्हा शिट्टी. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते, सगळंच ऐकू येत होतं. जिन्यात मग बराच वेळ बसून राहिलो.

तिसरी झाली. बाबांची गोळी आणि दादाच्या गाडीचं सविस्तर कळव. गोडा मसाला संपला, मेतकूट आहे. पुन्हा कोणी मोठं नेरुळला आलं तर फोन लावच, पण डाळ-भात आधी उरकून घे. नाहीतर राहू दे.

तुझा,
नंदू

ता. क. बाबा एप्रिलमध्ये येताहेत ना? बूट एकच जोड आणा म्हणावं.