चार फुटांचा हिशेब

प्रति,
मा. ॲलिगेटर महोदय,
मु. पो. आमच्या घरामागचं तळं, ऑर्लँडोजवळ, फ्लोरिडा

विषय : आपल्या उड्यांबाबत

महोदय,

हे पत्र खुलं आहे, कारण बंद पाकीट हाती द्यायला जवळ यावं लागतं, आणि आपली उडी मी पाहिली आहे. तीही तिकीट काढून. आमच्याकडे १९४९ पासून गेटरलँड नावाचं उद्यान आहे. डिस्नेवाले इथे आले ते १९७१ मध्ये. त्या उद्यानातल्या ‘गेटर जंपारू’ नावाच्या खेळात पाण्यावर कोंबडी धरतात आणि आपले भाऊबंद चार-पाच फूट उसळून ती ओढून नेतात. पुण्याहून पाहुणे आले की डिस्ने उरकल्यावर आम्ही त्यांना तिथेच नेतो. टाळ्याही वाजवतो. तेव्हा आमच्यात गुणग्राहकता नाही असं कृपया समजू नये.

आक्षेप आहे तो पद्धतीवर. माणसांच्या उंच उडीत एकाच पायावरून उसळावं लागतं, असा नियम आहे. आपण तर पाय वापरतच नाही. शरीराची निम्मी लांबी म्हणजे शेपटी. ती पाण्यात डावी-उजवीकडे झोडपायची, पुढचे पाय अंगालगत घ्यायचे आणि अख्खं धड खांबासारखं पाण्याबाहेर काढायचं, याला खेळाडूवृत्ती म्हणत नाहीत. जमिनीवर ही शेखी चालत नाही, हेही आम्हांला ठाऊक आहे. तिथे आपली झेप आणि धाव क्षणभराची. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं आणि दम संपतो. मगर मागे लागली तर नागमोडी पळा, हा इथला लाडका सल्ला त्यामुळे वायाच जातो. पण जाळीच्या कुंपणावर चढून पलीकडे उतरता, त्याचं काय? कुंपण आम्ही स्वखर्चाने घातलं होतं.

पक्ष्यांशी आपले जे संबंध आहेत, तेही संशयास्पद आहेत. बगळे नेमके आपण राहता त्या पाण्यावरच्या झाडांत घरटी बांधतात, कारण आपल्या भीतीने अंडी-पिल्लं पळवणारे रॅकून त्या झाडांकडे फिरकत नाहीत. आपण रखवालदार झालात. पगार म्हणून घरट्यातून पडलेली पिल्लं घेता, इथवर ठीक. पण २०१३ मध्ये अभ्यासकांनी नोंदवलं की ऐन घरट्यांच्या हंगामात आपण मुस्कटावर काटक्या मांडून पाण्यात निश्चल पडून राहता आणि काटकी उचलायला येणाऱ्या बगळ्यालाच पकडता. बांधकाम साहित्याचं आमिष दाखवून घर घेणाऱ्याला गिळायचं, हा व्यवसाय फ्लोरिडात फक्त माणसांनी करायचा असतो.

आता मुख्य तक्रार. हे तळं आमचं आहे. इथली जमीन सखल आणि पाणथळ. घरं उंचावर यावीत म्हणून बिल्डरने माती इथूनच उपसली, उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी सोडलं आणि त्याला ‘लेक’ म्हणून आमच्याकडून जास्त पैसे घेतले. आपण मात्र फुकट आलात. पूर्वी इथे दलदल होती आणि तीत आपले पूर्वज राहत, हे खरं असेलही; पण त्यांच्याकडे एक तरी कागद आहे का?

शिवाय आमचे उपकार विसरू नयेत. कातड्यासाठी आपल्याला जवळपास संपवल्यानंतर १९६७ मध्ये आम्हीच आपल्याला संकटग्रस्त ठरवलं आणि १९८७ मध्ये आपण सावरलात असंही आम्हीच जाहीर केलं. आज राज्यात आपण सुमारे तेरा लाख आहात. एवढ्यांना जागा द्यायची, तर गोल्फ कुठे खेळायचा?

राज्याचा नियम सोपा आहे. आपली लांबी चार फूट झाली आणि माणसाला, कुत्र्याला किंवा मालमत्तेला आपल्यापासून धोका आहे असं आम्हांला वाटलं, की आपण ‘उपद्रवी’. आम्ही एक फोन करतो, परवानाधारक पकडणारा येतो. आपल्याला दूर नेऊन सोडत नाहीत, कारण आपण परत येता. बहुतेकदा मारतात, मोबदल्यात कातडं आणि मांस पकडणाऱ्याचं. थोडक्यात, उद्यानात चार फूट उडालात तर टाळ्या, आमच्या दारी चार फूट भरलात तर फोन. यात काय विसंगत आहे?

आपल्याला खाऊ घालणं इथे गुन्हा आहे, कारण एकदा माणसाच्या हातचं खाल्लं की आपली भीड चेपते आणि माणूस दिसला की आपण जवळ येता. शेजाऱ्यांनी हौसेने पाव टाकला, हे खरं. तो घ्यायचा की नाही, हे मात्र आपणच ठरवायला हवं होतं.

तरी पुढील मागण्या मान्य व्हाव्यात :

१. उडी फक्त फलकावरच्या वेळेत आणि तिकीट फाडलेल्यांसमोरच मारावी.
२. वाढ तीन फूट अकरा इंचांवर थांबवावी.
३. माणसाने अन्न दिल्यास त्याला कायदा समजावून सांगावा.

कळावे,
तळ्याच्या दर्शनासाठी जादा रक्कम मोजलेला,
एक घरमालक

ता. क. : फोन केला आहे. वाईट वाटून घेऊ नये. तळं फार दिवस रिकामं राहत नाही, दुसरं कोणीतरी येतंच. त्यांच्यासाठी या पत्राची प्रत ठेवली आहे. फक्त तारीख बदलायची.