एका मिनिटाची चूळ

सकाळी ब्रश केला की बेसिन गुलाबी व्हायचं. मी ते पेस्टच्या रंगावर ढकलत होतो. पेस्ट पांढरी आहे, हे बायकोने लक्षात आणून दिलं.

पनवेलात दुखण्याला औषधाआधी सल्ला मिळतो. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे 1872 सालचा, त्यामुळे आमच्या आळीतले निम्मे लोक मनाने वैद्यच. शेजारचे अण्णा म्हणाले, "तिळाचं तेल तोंडात धर. गाल हलणार नाहीत इतकं भरलं तर गंडूष, खळखळवता आलं तर कवल." मी खळखळवलं. शर्ट अजून धुण्यात आहे.

शेवटी डेंटिस्टकडे गेलो. बाईंनी आरसा घालून पाहिलं. "दातांच्या मुळाशी प्लाक साचलाय. जंतूंचा चिकट थर असतो तो. त्याने हिरड्या सुजल्यात." मग किटण असं खरवडलं, की जुन्या वाड्याचा रंग काढतायत. वर क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश लिहून दिलं : 0.2 टक्क्यांचं, दिवसातून दोनदा 10 मिली, एक मिनिट, दोन आठवडे.

औषध घ्यायच्या आधी त्याची कुंडली काढायची मला खोड आहे. 1965 साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागले तशा बऱ्या झाल्या. (रविवारी आमच्या घरात हा प्रयोग कुणी न सांगता चालतो.) 1970 मध्ये त्याच लो यांनी दाखवलं, की न घासता नुसत्या या औषधाच्या चुळा भरल्या तरी प्लाक धरत नाही. घबाडच! लगेच बाईंना फोन लावला, "मग ब्रश कशाला?"

"त्या प्रयोगातल्या लोकांचे दात आधी लख्ख करून घेतले होते. साचलेल्या थराखाली औषध शिरत नाही. ब्रश करा, अर्धा तास थांबा, पेस्टमधल्या फेसाने ते निकामी होतं. मग चूळ. आणि त्यावर लगेच चहा नको, दात तपकिरी होतील."

सकाळचा चहा लांबला, तिथेच माझा अर्धा उत्साह संपला. उरलेला त्या मिनिटात. गाल फुगवून घड्याळाकडे बघत उभं राहिलं, की सेकंदकाटा सरकारी कचेरीतला होतो. तिसऱ्या दिवशी बायकोने नेमकं तेच मिनिट साधलं. "दादा येतोय, आठ दिवस राहील. चालेल ना?" मी "ऊंऽऽ" केलं. ते नकाराचं होतं. तिने ते होकारात मांडलं.

मेव्हणे आले. पहिल्याच जेवणात मी म्हणालो, "आमटीत मीठ नाही." तिने घातलं. "अजून." तिने घातलं. मेव्हणे तांब्याभर पाणी प्यायले. मिठाची चव हे औषध काही काळ बोथट करतं, हे मला बाईंनी नंतर सांगितलं. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.

दोन आठवडे झाले. बेसिन पांढरं, हिरड्या घट्ट, माझं माउथवॉश बंद. मेव्हणे मात्र तसेच आहेत. त्यांच्याही हिरड्या दुखतात म्हणे. बाईंनी त्यांनाही तीच बाटली दिलीय. काल ते गाल फुगवून उभे दिसले तशी मी संधी साधली. "काय दादा, रविवारची गाडी पकडताय ना?"

ते आधी पचकन थुंकले, स्पष्ट शब्दांत "नाही" म्हणाले, आणि मग त्यांनी नव्याने 10 मिली मोजून घेतलं.