कोल्हापुरी निघाली मिलानला

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी घालून मॉडेल चालवले आणि नाव सांगितलं, ‘लेदर सँडल’. इकडे आपला पारा चढला. म्हणे, २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे! आहेच की. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे त्यात आहेत; इटलीचा एकही नाही. मानांकनाचा दरारा देशाच्या सीमेपर्यंतच. युरोपात हक्क हवा तर तिथे वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळे वकील. एवढी दगदग कोण करणार? त्यापेक्षा अभिमान बाळगणं स्वस्त.

मग प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. ती जुलैत फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. मालक म्हणजे दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळं. डिसेंबरात त्यांनी प्राडाशीच करार केला. ठरलं असं, की जोड इथेच बनणार, किंमत सुमारे ८०० युरो. तोच कारागीर, तेच कातडं. फक्त भाव मिळायला इटालियन शिक्का लागला.

तेव्हा पैठणीवाल्यांनो, हापूसवाल्यांनो, परदेशातली नोंदणी आधी बघा. समाजमाध्यमांवरचा संताप कुठल्याच देशात नोंदवून घेत नाहीत.