घरचं आहे!

प्रत्येक गावात ‘घरचं’ खाणारा एक माणूस असतो. लोणारात तो मान आमच्या गुरुजींचा. बाजारातली वस्तू त्यांना चालत नाही असं नाही. पण तीच घरी तिप्पट खर्चात होत असेल तर विकत आणणं त्यांना पाप वाटतं. निवृत्तीनंतर हळद झाली, शेवया झाल्या, सध्या परसात सूर्यफूल आहे. “तेल काढणार का?” असं कुणी विचारलं की गुरुजींना त्याची कीव येते. “तेल सगळेच काढतात. आपल्याला बिया खायच्या आहेत.”

पिकलेलं सूर्यफूल सूर्यामागे फिरत नाही, पूर्वेला तोंड करून उभं राहतं. गुरुजींच्या पूर्वेला शेजाऱ्यांचं घर. त्यामुळे फुलं पाहायची शेजाऱ्यांनी आणि गुरुजींच्या वाट्याला नुसत्या पाठी. गुरुजींना त्याचं काही नाही, कारण काढणीची वेळ पाठच सांगते. तबकाची पाठ हिरवी असेतोवर हात लावायचा नाही, पिवळी-तपकिरी झाली की विळा घ्यायचा. 2020 च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष त्या पाण्याकडे होतं. गुरुजींचं लक्ष पाठींकडे.

मधमाश्या कमी आल्या की बिया पोचट निघतात. म्हणून फुलोऱ्यात गुरुजी रोज सकाळी हाताला तलम कापड गुंडाळून एकेका तबकावरून हळुवार फिरवतात. उभ्या नोकरीत एका विद्यार्थ्याच्या गालावरून त्यांचा हात इतक्या मायेने फिरला नसेल. मग दाणे भरतात आणि राघूंचे थवे येतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक तबकाला उशीचा अभ्रा. त्या दिवसांत गुरुजींकडे मुक्कामाला गेलेल्या पाहुण्याला उशी उघडीच मिळते.

तबकं वाळवून काठीने बडवली, सुपात पाखडली, की बिया रात्रभर मिठाच्या पाण्यात. एवढं सरोवर उशाशी असताना मीठ विकत का आणायचं, असा विचार गुरुजींनी एकदा बोलून दाखवला होता. काकू म्हणाल्या, “अहो, ते नुसतं मिठाचं पाणी नाही, खाराचं आहे. पापडात चिमूटभर खार जास्त पडला तर तुम्ही ताट सारता!” काकूंच्या बाजूने साक्ष मोठी आहे. ‘ऐन-ए-अकबरी’तही या सरोवराची नोंद काच आणि साबणाच्या सामानासाठी आहे, खाण्यासाठी नाही. तेव्हापासून मीठ किराणा दुकानातूनच येतं.

सकाळी बिया निथळून उन्हात कडकडीत वाळवायच्या, मग कढईत मंद आचेवर परतायच्या. तडतड ऐकू आली आणि खमंग वास सुटला की एक बी फोडून पाहायची. आतला गर बदामी दिसला की कढई लगेच उतरवायची. क्षणभर उशीर झाला तरी कडू. इथवर गुरुजींना तोड नाही.

खरी परीक्षा खाणाऱ्याची. गुरुजींचं बियाणं तेलाच्या वाणाचं, म्हणजे बी काळी, बारीक आणि गर जेमतेम. बी पुढच्या दातांत उभी धरायची, कट्ट करायची, जिभेने गर ओढायचा, टरफल बाहेर. तासभर हा उद्योग केला तर मूठभर टरफलं आणि चमचाभर गर. रशियात लोक गप्पा मारत दिवसभर हेच करतात, असं गुरुजी सांगतात. पाहुणा मात्र मनात एस.टी. स्टँडवरच्या फुटाण्यांचा भाव आठवत असतो. टिळकांच्या टरफलांची गोष्ट गुरुजींनी आयुष्यभर शिकवली. त्यामुळे त्यांच्या ओसरीवर टरफलं कुणीच उचलत नाही. झाडू काकूंच्या हातात.

एकदा मी म्हटलं, “गुरुजी, सोललेला गर पाकिटात मिळतो.” ते हसले. “मिळतो ना. पण पाकीटवाला माणूस पाच मिनिटांत उठून जातो हो!”

तेव्हा सरोवर पाहायला लोणारला आलात, तर गुरुजींकडे जरूर जा. तासभर हाताशी ठेवा, पुढचे दात शाबूत आहेत ना ते बघा, आणि जाण्याआधी जेवून घ्या.