बाराच्या उन्हात जागृती

हा जागृतीचा कार्यक्रम अजून झालेला नाही. पण कुडाळजवळच्या पिंगुळीत झालाच तर तो कसा होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

विषय दोन: ऊन आणि कावीळ. एकत्र का? कावीळ दिन असतो २८ जुलैला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधून १९७६चं नोबेल मिळवणाऱ्या ब्लूमबर्ग यांचा तो जन्मदिवस. निधी मात्र संपवायचा असतो मार्चअखेर. म्हणून कावीळ उन्हाळ्यातच उरकतात. मांडव एक, नारळ एक, पाहुणे तेच. बिलं तेवढी दोन.

वेळ सकाळी नऊची. साडेदहाला निरोप येतो, पाहुणे कुडाळात पोचले. कुडाळ म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण पाहुण्यांचं कुडाळ बऱ्याचदा कणकवलीच्या अलीकडेच असतं. ते येतात बाराला. मांडव व्यासपीठापुरता. शाळेची मुलं मैदानात रांगेने उभी, हातात फलक: ‘दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका’. एक पोर फलक डोक्यावर आडवा धरतं. त्या दिवसातली ही एकमेव खरी जागृती. सर धावत येतात आणि फलक सरळ करायला लावतात. फोटोत अक्षरं दिसायला हवीत ना.

पाहुणे सनस्क्रीनवर बोलतात. दर दोन तासांनी लावा, म्हणतात. समोर कलमांवर चढून आंबे उतरवणारे गडी बसलेत, त्यांना हे ऐकून बरं वाटतं. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. सपाटीवर त्यासाठी ४० लागतात. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळा झाला. उष्माघाताने १४ माणसं गेली. त्या दिवशीही छप्पर व्यासपीठावरच होतं. इथे थट्टा थांबते.

मग डॉक्टरीणबाई. त्यांना मिनिटं मिळतात तीन, कारण सत्कार उरलेत. तरी त्या नेमकं सांगतात. हिपॅटायटिस ए आणि ई घाण पाण्यातून, उघड्या अन्नातून येतात; ई तर गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. बी आणि सी रक्तातून: वापरलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, जत्रेतलं गोंदण. बीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत टोचायची. सी बहुतेकांची आता गोळ्यांनी बरी होते, बारा आठवडे लागतात. २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात याची तपासणी आणि औषध फुकट आहे. एवढ्यात चिठ्ठी येते, ‘आवरा’.

मागच्या रांगेत कुजबुज: “गोळ्यो कसल्यो? माळ घाल गो तेका!” ती माळ डोक्यावरून छातीपर्यंत वाढत जाते आणि कावीळ उतरते, असा हिशेब. माळेच्या सैल गाठी सरकतात म्हणून ती लांबते. आणि ए बहुतेकांची आपोआपच बरी होते, म्हणून माळेला यश येतं. बी-सीवाला मात्र माळ घालून वर्षानुवर्षं निर्धास्त फिरतो, आतल्या आत यकृत खराब होत राहतं.

इतक्यात कोकम सरबत येतं. व्यासपीठावर सीलबंद बाटल्या, मैदानात पिंपातलं सरबत. बर्फ कुठला? मासळीच्या पेटीतला. खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा, असा नियम आहे. पण कोकमात पडल्यावर निळं काय नि पांढरं काय! कावीळ कशी होते याचं प्रात्यक्षिक भाषणानंतर लगेच मिळतं, तेही विनामूल्य.

शेवटी ‘लोककला, १० मिनिटे’. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चित्रकथीच्या पोथ्या आणि चामड्याच्या सावल्या सावंतवाडी संस्थानाच्या काळापासून नावाजलेल्या. याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यामुळे कला दाखवल्यावाचून पाहुण्यांना सोडता येत नाही. आयोजकांची सूचना अशी की रावणाला विषाणू करा आणि चामड्याच्या बाहुल्या आत्ताच दाखवा. म्हातारा कलाकार आभाळाकडे बघतो.

“सायबानु, ह्यो खेळ रात्रीचो, दिव्याचो. बारा वाजता सावली खय पडतली? आणि बाहुल्यांका कावीळ होत नाय. तेंका ता सरबत कोण पाजता?”

आभारप्रदर्शनात याची नोंद होत नाही.

दुसऱ्या दिवशी बॅनर कुडाळच्या बाजारात दिसतो. चार काठ्यांवर बांधून त्याच्याखाली दोघी मासे घेऊन बसल्यात. पाहुण्यांचा चेहरा बरोबर पाटीवर येतो. सावली बरी पडते, पण एकीचा खांदा उन्हात राहतो. आयोजकांना विनंती, पुढच्या वेळी बॅनर दोन हात मोठा छापा.